पहिली चांदीची लगड ओतली, पण ती खड्डेदार निघाली: चूक नेमकी कुठे झाली असावी?

नवशिका_ओतारी यांचा प्रश्न

नमस्कार. घरच्या घरी चांदी आटवून तिच्या लहान लगडी ओतण्याचा छंद मी अलीकडेच सुरू केला आहे. छंद म्हणतो खरा, पण आजवर एकूण दोनच प्रयत्न झाले आणि त्यांतल्या पहिल्यात चांदीचा रससुद्धा झाला नाही.

पहिल्या वेळी मी ९९९ शुद्धतेचे ६० ग्रॅम दाणे मातीच्या उथळ मुशीत घेतले आणि हातात धरायच्या लहान ब्युटेन टॉर्चने सुमारे वीस मिनिटे तापवले. दाणे लालभडक झाले, कडेचे काही एकमेकांना चिकटले, पण त्यापुढे काहीच घडले नाही. डबीवर ज्योतीचे तापमान १३०० अंश सेल्सिअस छापलेले आहे आणि चांदी तर ९६२ अंशांना वितळते, मग ती का वितळली नाही, हे मला अजून समजलेले नाही.

दुसऱ्या वेळी मोठा प्रोपेन टॉर्च वापरला. या वेळी १०० ग्रॅम दाण्यांचा रस चांगला झाला आणि आरशासारखा चमकू लागला. घाई नको म्हणून मी तो आणखी पाच-सहा मिनिटे तापवत ठेवला, चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) टाकला आणि मग ग्रॅफाइटच्या साच्यात ओतला. साचा मी मिनिटभर ज्योतीखाली धरला होता. ओतताना हात थरथरला, धार मध्येच तुटली आणि उरलेला रस मी पुन्हा ओतला. लगड थंड झाल्यावर पाहतो तर दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या, वरच्या पृष्ठभागाच्या मधोमध खोल खड्डा, आणि त्या खड्ड्याच्या कडेला फुटाण्याएवढा एक कोंब वर आलेला. तो कोंब येताना ‘चट्’ असा आवाज झाला आणि एक बारीक थेंब उडून माझ्या हातमोज्यावर पडला.

या तिन्ही दोषांचे कारण एकच आहे की प्रत्येकाचे वेगळे? शिवाय माझ्याकडे जुन्या मोडीतले काही तुकडे आहेत: तुटलेल्या साखळ्या, एक वाकलेला चमचा, एक पोकळ मुठीची सुरी. तेही आटवावेत असा विचार आहे. जमल्यास नायट्रिक आम्लाने ते शुद्ध करण्याची कृतीही शिकायची आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


मूस_आणि_साचा यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या प्रयत्नाबद्दल आधी लिहितो, कारण डबीवरचा तो आकडा बहुतेक सर्वांनाच फसवतो. ज्योतीचे तापमान आणि ज्योतीतून मिळणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६० ग्रॅम चांदी खोलीच्या तापमानापासून तापवून पूर्ण वितळवायला सुमारे २० किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा मोठा वाटत असेल, तर लक्षात घ्या की अर्धी वाटीही न भरणारे ६० मिलिलिटर पाणी उकळीला आणायला जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. म्हणजे चांदीची भूक फार नाही. अडचण आहे ती गळतीची.

वितळणबिंदूच्या आसपास तापलेल्या काळ्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटीमीटरमधून सुमारे १३ वॅट उष्णता नुसत्या प्रारणाने बाहेर पडते. उघड्यावर ठेवलेल्या मुशीचे आतले-बाहेरचे मिळून १०० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ त्या तापमानाला आले, तर एक किलोवॅटहून अधिक उष्णता हवेत निघून जाईल. लहान टॉर्चची सारी शक्ती एवढ्यातच खर्ची पडते. त्यामुळे दाणे लाल होतात आणि तिथेच अडकतात. मिळणारी आणि जाणारी उष्णता समसमान झाल्यावर वीस मिनिटे काय आणि दोन तास काय, फरक पडत नाही. त्यात चांदी ही उत्तम उष्णतावाहक असल्याने ज्योतीचा झोत एका दाण्यावर धरला तरी त्याची उष्णता शेजारच्या दाण्यांकडे पळते.

यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे मोठा टॉर्च, जो तुम्ही वापरलातच. दुसरा, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा, म्हणजे मुशीभोवती हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधक विटांचे कोंडाळे करून ज्योत आत फिरेल एवढेच तोंड ठेवणे. त्या विटा लाल झाल्या की उष्णता उलट मुशीकडेच फेकतात, आणि जो टॉर्च उघड्यावर हरला होता तोच पुष्कळदा पुरा पडतो. ग्रॅफाइटची मूस बसणारी लहान विद्युत भट्टी परवडत असेल तर प्रश्नच मिटतो. मात्र त्या भट्टीचा आकडा भिंतीजवळच्या तापमानाचा असतो. तो १०५० दाखवू लागला तरी मुशीतला शेवटचा दाणा विरघळायला थोडा अवधी द्यावा लागतो.

जाता जाता एक सूचना. काही जण रसाचे तापमान पाहण्यासाठी लांबून मोजणारा अवरक्त तापमापक रोखतात. चकचकीत चांदी स्वतः फारच कमी प्रारण सोडते, त्यामुळे असा तापमापक तिचे तापमान प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी दाखवतो, आणि मग माणूस विनाकारण आणखी तापवत बसतो. ग्रॅफाइटच्या साच्यावर मात्र तेच उपकरण चांगले चालते.

टाकणखाराविषयीही लिहायला हवे. बाजारात मिळणाऱ्या साध्या टाकणखारात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. तो तापलेल्या रसावर टाकला की लाह्यांसारखा फुलतो आणि ज्योतीच्या झोताने उडतो. मातीची मूस नवी असताना ती सावकाश तापवून आतून टाकणखाराचा काचेसारखा पातळ थर द्यावा. हे एकदाच करायचे काम आहे. त्यानंतर शुद्ध दाणे आटवताना त्याची गरज नाममात्रच राहते. ग्रॅफाइटच्या मुशीत तर तो जवळजवळ टाळावाच, कारण तिथे कर्ब स्वतःच ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि जास्तीचा टाकणखार लगडीच्या तोंडावर काचेचे ठिपके होऊन बसतो.


उष्णतामापक यांचे उत्तर

तुमच्या लगडीवरच्या तिन्ही खुणांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि तिन्ही एकाच लगडीत सापडणे हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने भाग्यच म्हणायचे. कृपा करून ती लगड लगेच पुन्हा आटवू नका. खड्ड्यातून आरपार जाईल अशी ती करवतीने उभी कापा, कापलेला भाग बारीक कानशीने साफ करा आणि आत काय दिसते ते पाहा. करवतीचा चुरा कागदावर गोळा केला की चांदी वायाही जात नाही.

बाजूच्या आडव्या वळ्यांना कारण थंड साचा आणि तुटलेली धार. पहिल्या धारेचा पृष्ठभाग साच्याला टेकताच गोठला आणि नंतर आलेला रस त्यावर नुसता टेकून राहिला, एकजीव झाला नाही. ग्रॅफाइट हाही चांगला उष्णतावाहक असल्याने मिनिटभर ज्योत दाखवल्यावर साच्याचे तोंड तापते, पण बूड थंडच राहते. साचा सावकाश, सर्व बाजूंनी, २०० अंशांच्या आसपास आणावा. फार तापवूनही चालत नाही, कारण ५०० अंशांच्या पुढे ग्रॅफाइट हवेत हळूहळू जळू लागते आणि साच्याच्या कडा झिजतात. आणि साचा पुरेसा तापला की नाही हे पाहायला त्यावर पाण्याचा थेंब मात्र टाकू नका. सवयीने हात तिकडे जातो.

मधोमधचा खड्डा हा आकुंचनाचा आहे. वितळणबिंदूपाशी द्रवरूप चांदीची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ९.३ ग्रॅम असते, तर थंड झालेल्या घन चांदीची १०.४९. म्हणजे तुमचे १०० ग्रॅम ओतताना साधारण १०.७ घन सेंटीमीटर जागा व्यापतात आणि थंड झाल्यावर ९.५. उरलेली पोकळी कुठे तरी दिसणारच. लगड तळाकडून आणि बाजूंकडून गोठत येते, मधला वरचा भाग शेवटी गोठतो, आणि आधी गोठलेल्या भागाची भरपाई करण्यात त्याचा रस खाली ओढला जातो. हा खड्डा पूर्ण घालवता येत नाही, पण उथळ करता येतो. ओतून झाल्याबरोबर टॉर्चची मऊ, पिवळसर ज्योत लगडीच्या वरच्या अंगावर फिरवत राहावे, म्हणजे तळ आधी गोठतो, वरचा रस पुरवठा करत राहतो आणि शेवटी सगळा पृष्ठभाग एकाच वेळी सपाट बसतो. ज्योत जोराची नको, नाही तर रसावर लाटा उठतात आणि त्या तशाच गोठतात.

आता तो कोंब. चांदीचा हा स्वभाव मला तिच्या चमकेपेक्षाही अधिक आवडतो. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, आणि थोडाथोडका नव्हे, तर आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट. गोठलेल्या चांदीत मात्र तो जवळजवळ मावतच नाही. त्यामुळे गोठण्याच्या क्षणी हा सगळा वायू एकदम बाहेर पडू पाहतो. तोवर वरची साय धरलेली असते. वायू ती फोडतो, सोबत रस घेऊन वर येतो आणि कोंब फुटतो, थेंबही उडतात. तुमच्या हातमोज्यावर पडलेला थेंब हा त्यातलाच. तुम्ही रस झाल्यावरही उघड्या ज्योतीखाली पाच-सहा मिनिटे ‘घाई नको’ म्हणून थांबलात, तेच नडले. चांदी जितकी जास्त वेळ उघडी राहील तितका ऑक्सिजन ती पिणार.

यावर सर्वांत सोपा उपाय लाकडी कोळशाचा. धुळीविना, नीट वाळवलेला, बोटाच्या पेराएवढा कोळशाचा एक तुकडा रसावर तरंगत ठेवावा. तो जळताना वरचा ऑक्सिजन संपवतो. ज्योतीत गॅसचे प्रमाण थोडे अधिक ठेवावे. रस झाल्यावर तापलेल्या ग्रॅफाइटच्या कांडीने एकदा ढवळून खाली न विरघळलेला दाणा लागत नाही एवढी खात्री करावी आणि ओतावे. स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे अशा मिश्रधातूत, हा प्रकार सहसा दिसत नाही, कारण तिथे तांबे ऑक्सिजनला पकडून ठेवते. अर्थात त्याची किंमत पुढे पृष्ठभागाखालच्या जांभळट-करड्या डागांच्या रूपात मोजावी लागते.


जुनी_सांडशी यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण त्यांनी तुमच्या प्रश्नाचा शेवटचा परिच्छेद सोडून दिला, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दाणे आटवणे आणि मोड आटवणे ही एकाच कामाची दोन नावे नव्हेत. दाण्यांत काय आहे हे तुम्हांला ठाऊक असते. साखळीच्या कड्या मात्र डाक देऊन, म्हणजे सांध्यात दुसरा धातू वितळवून, जोडलेल्या असतात आणि त्या डाकात जस्त असते. जुन्या कामात कॅडमियमही असू शकते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि जस्त ९०७ अंशांना, म्हणजे चांदीचा रस होण्याच्या आधीच दोन्हींची वाफ झालेली असते. जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो आणि तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचा धूर तसा नाही. त्या वेळी घसा थोडा खवखवल्यापलीकडे काही जाणवत नाही, आणि काही तासांनी फुफ्फुसांना सूज येऊन माणूस दगावूही शकतो. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हा धूर अडवत नाही. जुन्या, अज्ञात जोडकामाच्या वस्तू नवशिक्याने आटवूच नयेत, एवढे मी स्पष्टपणे सांगतो. त्या शुद्धीकरण करणाऱ्या व्यावसायिकाला द्याव्यात आणि त्याबदल्यात दाणे घ्यावेत.

पोकळ मुठीची सुरी तर अगदीच नको. त्या मुठीत राळ किंवा सिमेंटसारखा भराव असतो आणि पाते पोलादाचे असते. शिवाय कोणतीही बंद पोकळ वस्तू, मग तो मणी असो वा मूठ, तापवली की आतली हवा आणि ओल यांच्या दाबाने फुटू शकते. चमच्याच्या मागे काय ठसा आहे ते भिंगाने पाहा. नुसता मुलामा असेल तर आत बहुधा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू निघेल, ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि ज्यात चांदीचा अंशही नसतो. तो चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून समाधान मानू नका. एखाद्या वस्तूची कोणी शिशाच्या डाकाने दुरुस्ती केली असेल तर तेवढा एक ठिपकासुद्धा लगड बिघडवतो. शिसे आणि चांदी यांचे मिश्रण ३०४ अंशांपाशीच वितळू लागते, धातूच्या कणाकणांच्या सीमांवर साचते आणि अशी चांदी हातोडीखाली तडकते. याच कारणाने कथील किंवा शिसे ओतून सराव केलेली मूस चांदीला पुन्हा वापरू नये.

नायट्रिक आम्लाबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो: करू नका. तपकिरी रंगाचा जो वायू निघतो तो विषारी आहे आणि त्याचाही परिणाम तासांनी दिसतो. पुढे काही पाठांत त्या द्रावणात अमोनिया घालायला सांगतात. असे द्रावण ठेवून दिले तर त्यात चांदीचा एक काळा स्फोटक साका तयार होऊ शकतो, जो नुसत्या धक्क्यानेही उडतो. काचपात्रे, धुराडे आणि शिक्षण यांशिवाय हे घरातले काम नव्हे.

आता ओलीविषयी. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. साच्याच्या तळाशी एक थेंब असेल आणि त्यावर १०० ग्रॅम रस पडला, तर ती वाफ रसाला वर, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे फेकते. ग्रॅफाइट सच्छिद्र असल्याने कपाटात पडून राहिलेला साचा कोरडा दिसला तरी ओल धरून असतो. बिडाच्या साच्यावर गंज असेल तर तोही ओल धरतो. म्हणून साचा तापवणे हे लगड सुबक यावी यासाठी नंतर, आणि ओल जावी यासाठी आधी. ढवळायची कांडी, कोळशाचा तुकडा, रसात नंतर टाकायचे दाणे, या सर्वांना तोच नियम. काँक्रीटच्या जमिनीवर रस सांडला तर काँक्रीटमधली ओलही तसाच तडाखा देते; पोलादी तबकात कोरडी वाळू पसरून सगळे काम तिच्यावरच करावे.

अंगावर सुती कपडे, चामड्याचा ॲप्रन, पूर्ण बंद चामड्याचे बूट, आणि पॅन्टचे पाय बुटांच्या आत नव्हे तर बाहेरून, म्हणजे सांडलेला थेंब बुटात न शिरता घरंगळून जाईल. चेहऱ्यावर आडवी ढाल, तिच्या आत चष्मा. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. खोलीत कोळसा आणि गॅस जळत असल्याने हवा खेळती हवी. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हात थरथरण्यावर मात्र औषध सोपे आहे. थंड मुशीत कोरडी वाळू भरा, हातमोजे-ढाल सगळे घाला, आणि सांडशीने मूस उचलून वाळू साच्यात ओतण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा करा. मूस सांडशीच्या जबड्यात डुगडुगते का, साचा हाताच्या नैसर्गिक वळणात आहे का, ढालीतून साच्याचे तोंड दिसते का, हे सगळे वाळूच सांगते. माझ्या पहिल्या सांडशीचा जबडा मुशीपेक्षा रुंद होता आणि ते मला रस तयार झाल्यावर कळले. त्या दिवशी मी काहीही ओतले नाही. भट्टी बंद केली आणि चांदी मुशीतच गोठू दिली.


मूस_आणि_साचा यांचे उत्तर

जुनी_सांडशी यांच्या सूचना मी मान्य करतो, फक्त एक भर घालतो. साच्यावर छापलेल्या वजनावर विसंबू नका. पुष्कळ ग्रॅफाइट साच्यांवरचा आकडा सोन्यासाठी असतो, आणि सोन्याची घनता १९.३ असल्याने ‘एक किलो’च्या साच्यात चांदी जेमतेम ५४० ग्रॅम मावते. ओतण्याआधी साच्याची लांबी, रुंदी, खोली मोजून घन सेंटीमीटर काढावेत आणि गरम रसाच्या ९.३ या घनतेने गुणून त्याहूनही थोडे कमी भरावे. रस उतू गेला की धार थांबवावी लागते, आणि धार थांबली की पुन्हा वळ्या आल्याच.

साच्याला काजळी धरावी की नाही यावर मतभेद आहेत. बिडाच्या साच्याला धुरकट ज्योतीची काजळी हवीच, नाही तर लगड निघताना त्रास देते. ग्रॅफाइटला तिची गरज नाही असे माझे मत आहे.


उष्णतामापक यांचे उत्तर

ग्रॅफाइटलाही पातळ काजळी धरली तर लगडीच्या बाजू अधिक मऊ येतात, असा माझा अनुभव आहे. पण यावरून वाद घालण्याइतका फरक पडत नाही.


नवशिका_ओतारी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

जुनी लगड उभी कापली. मधल्या खड्ड्याखाली निमुळती होत जाणारी, खडबडीत भिंतींची एक पोकळी निघाली, आणि वरच्या कातडीच्या लगेच खाली मोहरीएवढ्या गोल, आतून गुळगुळीत अशा सात-आठ पोकळ्या. एक आकुंचनाची आणि दुसऱ्या वायूच्या, हे उष्णतामापक यांचे उत्तर पुन्हा वाचल्यावर लगेच कळले. वळ्यांच्या रेषा तर कापात दोन मिलिमीटर आतपर्यंत गेलेल्या होत्या.

मोड तशीच बाजूला ठेवली आहे आणि आम्लाचा विचार सोडून दिला आहे. नव्या दाण्यांचे बरोबर १०० ग्रॅम घेतले, विटांचे कोंडाळे केले, साचा विद्युत शेगडीवर अर्धा तास तापत ठेवला, कोळशाचा तुकडा टाकला. वाळूचा सराव तीस वेळा केला. रस होताच ढवळून ओतला, एका धारेत. वर मऊ ज्योत फिरवली. लगड निघाली ती जवळजवळ सपाट, मध्ये नखभर उथळ खळगा. वळ्या नाहीत, कोंब नाही.

आता नवी शंका. लगडीचे वजन ९९.६ ग्रॅम भरले. ती दोऱ्याला बांधून, काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवली, तेव्हा काटा ९.६ ग्रॅमने वाढला, म्हणजे लगडीने ९.६ घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारले. भागाकार केला तर घनता १०.३८ येते, १०.४९ नव्हे. स्टर्लिंगची घनता १०.३६ च्या आसपास असते असे वाचले. म्हणजे मला ९९९ म्हणून मिळालेले दाणे भेसळीचे आहेत का?


उष्णतामापक यांचे उत्तर

एवढ्यावरून कोणावरही आरोप करू नका. तुमचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच वाचतो असे दिसते. काट्याचा शेवटचा आकडा एकाने इकडे-तिकडे झाला, म्हणजे वाढ ९.५ किंवा ९.७ धरली, तर घनता अनुक्रमे १०.४८ किंवा १०.२७ येते. शुद्ध चांदी आणि स्टर्लिंग यांच्यातला सगळा फरक या चुकीच्या पोटातच मावतो. शिवाय दोरा पाण्यात किती बुडाला होता, लगडीला हवेचे बुडबुडे चिकटले होते का, आत एखादी लहान पोकळी राहिली आहे का, या प्रत्येक गोष्टीने घनता कमीच भासते, जास्त कधीच नाही. ०.०१ ग्रॅम वाचणारा काटा, अगदी बारीक नायलॉनचा धागा, आणि बुडबुडे सुटावेत म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब, एवढे घेऊन पुन्हा मोजा. त्यानंतरही ही कसोटी शिसे किंवा निकेलची ढोबळ भेसळ ओळखण्यापुरतीच आहे. ९९९ आणि ९९० यांत ती भेद करू शकत नाही. त्यासाठी क्ष-किरण यंत्राने किंवा प्रयोगशाळेत कस काढून घ्यावा लागतो.

०.४ ग्रॅमची घट मुशीला चिकटलेल्या बारीक गोळ्यांत सापडेल. मूस भिंगाखाली धरून पाहा.


जुनी_सांडशी यांचे उत्तर

म्हणूनच लगडीवर ९९९ चा ठसा मारू नका. दाणे शुद्ध असले तरी आटणीनंतरचा कस तुम्ही तपासलेला नाही, आणि शुद्धतेचे ठसे कोणी मारावेत याचे कायदे बहुतेक देशांत आहेत. वजन, तारीख आणि तुमची एखादी खूण कोरली तर कोणाची हरकत नाही. नाणी आटवण्याबाबतही आपल्या ठिकाणचा कायदा आधी पाहावा. लगड ठेवताना रबर आणि लोकर यांपासून दूर ठेवा. दोन्हींतले गंधक चांदीला काळवंडवते.


नवशिका_ओतारी यांचे उत्तर

०.०१ ग्रॅमचा काटा आणून, धागा बदलून आणि साबणाचा थेंब टाकून तीनदा मोजले. वाढ ९.५२, ९.५१ आणि ९.५३ ग्रॅम आली, म्हणजे घनता १०.४६ च्या आसपास. मुशीच्या कडेला भिंगाखाली सहा गोळ्या सापडल्या. त्या खरवडून काढल्या तेव्हा त्यांचे वजन ०.३१ ग्रॅम भरले. उरलेले ०.०९ ग्रॅम टाकणखाराच्या काचेत अडकले असावेत. लगडीवर वजन आणि तारीख कोरली आहे. कापलेल्या जुन्या लगडीचा एक अर्धा पुढच्या आटणीत घालणार आहे. दुसरा मात्र पोकळ्या दिसतील अशा बाजूने भट्टीशेजारच्या फळीवर ठेवला आहे.